प्रियाचे लिंग : सिराज औरंगाबादी यांची मसनवी आणि मराठवाड्यातील एक मौन

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे. म्हणून जालन्याच्या वाङ्मयीन भूतकाळाचा शोध घेणाऱ्यास औरंगाबादच्या परंपरेकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. या परंपरेत एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषावरील आपल्या प्रेमाचे केलेले निवेदन उपलब्ध आहे. समलिंगी प्रेम ही पाश्चात्त्यांच्या संसर्गाने आलेली गोष्ट असून आपल्या मुलखाला ती अपरिचित होती, असे वरचेवर सांगण्यात येते. या विधानाची परीक्षा करण्यास ते निवेदन अत्यंत उपयुक्त आहे.

सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातील दखनी-उर्दूचे अग्रगण्य कवी व चिश्ती परंपरेतील सूफी होत. औरंगाबाद ही तेव्हा आसफजाही राज्याची राजधानी होती. तारुण्यात सिराज भावोन्मादाच्या अवस्थेत खुलदाबादच्या दर्ग्याभोवती भटकत असत. पुढे गुरूच्या आज्ञेवरून त्यांनी काव्यरचनेचा त्याग केला. तथापि सन १७४७ च्या सुमारास त्यांनी 'बोस्तान-ए-खयाल' ही मसनवी रचली. तीत एका तरुणाविषयीची आसक्ती व त्याच्या विरहाचे दुःख कवीने स्वतःची कहाणी म्हणून सांगितले आहे.

येथे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक शंका उपस्थित होते. उर्दू गझलेत प्रिय व्यक्ती पुल्लिंगीच असते, असा संकेत आहे. त्या पुल्लिंगी क्रियापदामागे स्त्री असू शकते, पुरुष असू शकतो अथवा परमेश्वरही असू शकतो. मराठीतही याच्याशी समांतर असा एक संकेत आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणींत पुरुष कवी स्त्रीच्या वाणीने बोलतो. गझलेत संकेताने ठरते ते प्रियाचे लिंग, विरहिणीत निवेदकाचे. दोन्ही ठिकाणी सावधगिरी एकच बाळगली पाहिजे. ती अशी की, व्याकरणिक लिंगावरून जीवनातील वस्तुस्थितीचे अनुमान काढता येत नाही. केवळ क्रियापदाच्या प्रत्ययावर विसंबून एखाद्या कवीस समलिंगी ठरविणे अशास्त्रीय होय.

परंतु मसनवीची गोष्ट निराळी आहे. गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र असतो; मसनवीत सलग कथा असते. या कथेतील प्रिय पुरुष आहे, हे प्रत्ययावरून ताडावे लागत नाही. प्रसंगांतूनच ते स्पष्ट होते. लौकिक प्रेम ही ईश्वरी प्रेमाची पायरी आहे, ही सूफी धारणा येथे आहेच. मात्र तिच्यामुळे लौकिक प्रेम खोटे ठरत नाही, कारण पायरी नसेल तर चढणार कशावरून?

अर्थात सिराज यांना आजच्या अर्थाने 'समलिंगी पुरुष' म्हणणेही योग्य होणार नाही. विशिष्ट आकर्षणावरून माणसाची एक स्वतंत्र जात कल्पिणे हा विचार एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकातून पुढे आला. सिराज यांच्या काळी ते प्रेम होते. त्यावर आधारलेली ओळख नव्हती. आपल्या प्रतिपादनास एवढे पुरेसे आहे की, ते सांगता येत होते, आणि सांगणाऱ्याची कवी व साधक म्हणून असलेली प्रतिष्ठा त्यामुळे ढळली नाही.

पुढे हे सांगणे कठीण होत गेले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ अन्वये 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध हा ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हा ठरला. १८९३ मध्ये हाली यांनी आपल्या प्रसिद्ध 'मुकद्दम्या'त पुरुष-प्रियाच्या संकेतावर कठोर टीका केली. हैदराबाद राज्याचे दंडविधान वेगळे होते. जालन्याच्या परिसरास भारतीय दंडसंहिता लागू झाली ती १९५१ च्या कायद्याने, म्हणजे निजामी राजवट संपल्यानंतर. ज्या कलमास पुढे 'आपली संस्कृती' म्हणून गौरविण्यात आले, ते या भूमीत इतक्या अलीकडे व अशा मार्गाने लागू झाले, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

मराठीत या विषयावरील मौन मोडण्याचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून केला. वाचकांच्या हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक प्रश्नाची चर्चा तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. सिराज यांनी स्वतःचे प्रेम सांगितले होते. कर्व्यांना दंड झाला तो दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल.

या मौनाचा परिणाम शब्दसंग्रहावर झाला. बोलीत उरल्या त्या मुख्यतः शिव्या. 'बायल्या' हा स्त्रीवाचक शब्दावरून साधलेला आहे. त्यात पुरुषावरील प्रेमाचा निर्देशच नाही, स्त्रीसारखे असणे हाच दोष मानला आहे. 'नाच्या' हे तमाशातील एका कलावंताचे नाव. तेही उपहासवाचक झाले. याउलट संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व महाराष्ट्राच्या आदरास पात्र झाले. म्हणजे अवहेलना स्त्रीवेषाची नव्हती; वेष कोणत्या थरातील मंचावर केला, यावर ती अवलंबून होती. 'समलिंगी' हा शब्द सभ्य खरा, परंतु त्यात लिंगाचा उच्चार आहे, प्रेमाचा नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' व सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) यांसारख्या कादंबऱ्यांनी केले.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मात्र समलिंगी विवाहास मान्यता देण्यास न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. कायद्याने शिक्षा काढून घेतली. शब्द देणे हे त्याचे काम नव्हे. ते काम भाषेचे व तिच्या अभ्यासकांचे आहे. अंबड वा परतूरच्या ज्या तरुणास स्वतःविषयी आजवर केवळ शिवीच ऐकावयास मिळाली, त्याच्याच परिसराच्या वाङ्मयात त्याच्या भावनेस अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी काव्यरूप मिळाले होते. सिराज यांची मसनवी मराठवाड्यातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमात अनुवादरूपाने तरी यावी, याहून वेगळे समर्थन त्यासाठी आवश्यक नाही.