भीती घोणीची, बदनामी गोमेची

पालघरकडच्या घरांत गोमेचं भय जुनं आहे, पण ते मुळात दुसऱ्याच जिवाचं असावं. बोलण्यात ‘गोम’ हा शब्द दोघींवर चालतो: मोरीच्या भिंतीवरून सरसर पळणारी, 15 जोड्या लांब पायांची घरातली गोम आणि दगडाखालची जाडजूड, बहुधा 21 जोड्यांची घोण. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप आणि निजणं सारवलेल्या जमिनीवर. अशा वारली घरात पावसाळ्यात घोण अंथरुणात शिरली तर नवल नव्हतं. तिचा दंश आग आग करतो, सूज आणतो. जीव मात्र क्वचितच घेतो. 1969 साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, मग औद्योगिक वसाहत वाढली, बोईसरला सिमेंटच्या खोल्या उठल्या. घोण बरीचशी कुंपणापलीकडे राहिली; भीती तेवढी आत आली आणि झुरळं खाणाऱ्या गोमेवर जाऊन बसली.

कुणी म्हणेल, विष तिलाही आहेच. आहे खरं, आणि डोक्यामागच्या पायांच्या पहिल्या जोडीच्याच नांग्या झालेल्या असतात. पण माणसाच्या कातडीत त्या सहसा रुतत नाहीत; रुतल्याच तर मधमाशी डसल्यासारखं दुखतं. गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिला जवळून पाहिलं होतं: पकडलेला पाय तिथंच टाकून ती निसटते. दंशानंतर धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या, तर मात्र ती गोम की घोण हे शोधत न बसता दवाखाना गाठा.