काठी, साप आणि हकीम

दवाखान्याच्या पाटीवर, औषधांच्या दुकानावर, डॉक्टरांच्या गाडीच्या काचेवर काठीला वेटोळे घातलेला साप आपण नेहमी पाहतो. आपल्यापैकी कोणी त्याला हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची काठी समजतो, तर कोणी मूर्तिपूजकांची खूण म्हणून नाक मुरडतो. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहायला हव्यात.

कुरआनात मूसांच्या काठीचा साप होतो तो फिरऔनच्या जादूगारांपुढे, अल्लाहची निशाणी म्हणून. रोग बरा करण्याशी त्याचा संबंध नाही. तौरातमध्ये मात्र सर्पदंश झालेल्यांसाठी मूसांनी खांबावर पितळेचा साप उभारल्याची कथा आहे. पुढे लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा यहुदी राजा हिज्किया याने तो फोडून टाकला, असेही बायबल सांगते. खुणेची पूजा होऊ लागली की काय करावे, हा प्रश्न इतका जुना आहे.

आजच्या वैद्यकाची काठी आली ती ग्रीसमधून. अ‍ॅस्क्लेपियस हा ग्रीकांचा आरोग्यदेव. त्याच्या हातात साधी काठी आणि तिला वेढलेला एकच साप. एपिडॉरस, कोस, पर्गामम येथील त्याच्या मंदिरांत रोगी रात्री झोपत आणि स्वप्नात उपचार कळेल अशी आशा बाळगत. दोन साप आणि पंख असलेली काठी निराळी. ती हर्मीसची, म्हणजे निरोप्याची आणि व्यापाराच्या देवाची. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये तीच स्वीकारली आणि घोटाळा वाढला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात मात्र एकाच सापाची काठी आहे.

या काठीचा अर्थ सांगणारा एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे हिपोक्रेटिसच्या शपथेवरील भाष्य. ते जालीनूसच्या, म्हणजे गेलेनच्या नावाने ओळखले जाते. त्याचे ग्रीक मूळ आज नाही. जे उरले ते अरबी उताऱ्यांत. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी जालीनूसचे ग्रंथ भाषांतरित केले. हुनैन स्वतः ख्रिस्ती होते. तेराव्या शतकात दमास्कसचे हकीम इब्न अबी उसैबिआ यांनी हकीमांचा चरित्रकोश रचला आणि त्यात या भाष्यातील उतारे जपले. याच कोशात हिंदुस्थानी वैद्यांसाठीही स्वतंत्र प्रकरण आहे.

त्या उताऱ्यांत काठीचा अर्थ असा दिला आहे : वैद्यकामुळे माणूस काठी टेकण्याच्या वयापर्यंत जगतो. काठीला फुटलेल्या फांद्या म्हणजे वैद्यकाच्या शाखा. साप तीक्ष्ण नजरेचा, सदा जागा, दीर्घायुषी. वैद्यानेही तसेच जागरूक असावे. आणि साप कात टाकतो, तसे वैद्यक म्हातारपण झटकायला मदत करते. ही काठी खतमीच्या लाकडाची मानली आहे. हुनैन त्याचे कारण देतात : खतमीचा मिजाज मध्यम उष्ण, म्हणून ती एकटी किंवा इतर औषधांत मिसळून अनेक रोगांवर चालते. हीच खतमी यूनानी दुकानांत खोकल्याच्या काढ्यासाठी अजूनही मिळते.

शपथेचा अरबी तर्जुमाही पाहण्यासारखा आहे. मूळ शपथ अपोलो, अ‍ॅस्क्लेपियस आणि सर्व देवदेवतांच्या नावाने घेतली जाई. अरबीत ती प्रथम जीवन-मृत्यूचा मालक आणि आरोग्य देणारा जो अल्लाह, त्याच्या नावाने घेतली जाते. देवदेवतांच्या जागी अल्लाहचे वली येतात. अस्क्लीबियूसचे नाव मात्र तसेच राहते. कोशकार त्याची गणना देवांत करत नाहीत, थोर हकीमांत करतात.

आपल्या पूर्वसूरींनी खुणेपुढे धूप जाळला नाही आणि ती फोडलीही नाही. तिच्यातले इल्म त्यांनी वाचले, आपल्या तौहीदच्या चौकटीत बसवले आणि पुढच्यांच्या हाती दिले. ग्रीक देवाची ही काठी ख्रिस्ती भाषांतरकार आणि मुसलमान हकीम यांच्या हातांतून पुढे आली आहे. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्या पाटीकडे बोट दाखवून अर्थ विचारला, तर आपण त्यांना एवढा इतिहास सांगू शकलो पाहिजे.