एकवीस सेकंदांची सीडी

टीव्हीच्या एका चौकटीत 720 गुणिले 576 बिंदू, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी 24 बिट आणि सेकंदाला 25 चौकटी धरू. गुणाकार मुलांनाच करू द्यावा. उत्तर येते सेकंदाला सुमारे 25 कोटी बिट. म्हणजे 650 मेगाबाइटच्या सीडीवर असे चित्रण जेमतेम 21 सेकंद मावेल. तरी 1993 साली आलेल्या व्हिडिओ सीडीवर तासाभराहून जास्त चित्रपट मावू लागला. चौकट लहान, 352 गुणिले 288 केली होती हे खरे; पण तेवढ्याने भागत नाही.

खरी युक्ती वीस वर्षे जुनी होती. बंगलोरला अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेलेले नासिर अहमद यांनी 1972 साली तिच्यावर काम करण्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना ‘फारच सोपी’ वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. (अनुदानाचे अर्ज लिहिणाऱ्यांना हे वाचून बरे वाटते!) अहमद यांनी विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह काम चालूच ठेवले आणि जानेवारी 1974 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ते हेच.

चित्राचा आठ बाय आठ बिंदूंचा तुकडा घ्या. त्यातल्या 64 आकड्यांचे हे गणित दुसरे 64 आकडे करते. पहिला आकडा तुकड्याची सरासरी उजळता सांगतो. बाकीचे छटा किती सावकाश वा झरझर बदलतात ते सांगतात. निरभ्र आकाशाच्या तुकड्यात हे बाकीचे बहुतेक शून्याजवळ असतात. इथवर काहीच हरवलेले नाही. हरवते ते पुढच्या पायरीला, भागून पूर्णांक करताना. 87 ला 10 ने भागून 9 लिहिले, तर परत मिळतात 90. भाजक 40 घेतला तर 2 लिहितो, मिळतात 80. आणि 12 सारखा छोटा आकडा तर शून्यच होतो. संगणकावरचा ‘क्वालिटी’चा आकडा हा भाजकच लहानमोठा करतो.

1988 च्या एच.261 या मानकात याला आणखी एक जोड मिळाली : मागच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधायचा आणि फक्त फरक साठवायचा. म्हणून फळ्यासमोरचे व्याख्यान थोड्या बिटांत बसते, वाहते पाणी बसत नाही. बिटरेट ठरावीक ठेवला की पाण्याच्या दृश्यात भाजक आपोआप वाढतो आणि चौकोन दिसू लागतात. फाइलच्या आकाराचे बंधन नसेल तर मी बिटरेटऐवजी क्वालिटी ठरवून देतो.

मेणबत्तीच्या ज्योतीचे आमचे एक चित्रण असेच बिघडले. संपादनाच्या प्रत्येक टप्प्यावर आम्ही ते नव्याने दाबून साठवत होतो. 10 ने भागून आलेले 90 पुन्हा 16 ने भागले की 6, म्हणजे 96. मूळचे 87 कुठल्या कुठे! ज्योतीभोवतीची निळसर कडा, जी दाखवायची होती तीच, तिसऱ्या प्रतीत नव्हती. मूळ फाइल आम्ही पुसून टाकली होती.