धमनीची आगाऊ वर्दी

लैंगिक दुर्बलतेचे मूळ मनात असते, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ खुद्द डॉक्टरांचीही होती. अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन यांचा या विषयावरील गाजलेला ग्रंथ १९७० साली आला, तेव्हाही भर मानसिक कारणांवरच होता. एकदा दोष मनाकडे गेला की छाती तपासण्याचे प्रयोजन उरत नसे.

वास्तविक धागा आधीच हाती आला होता. पोटातील महाधमनी जिथे दुभंगते, नेमकी तिथेच ती बुजलेल्या रुग्णांचे वर्णन फ्रेंच शल्यविशारद रने लेरिश यांनी १९२३ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये केले. चालताना पाय भरून येणे, जांघेतील नाडी न लागणे आणि ताठरता न टिकणे, ही त्याची लक्षणे. विकाराला लेरिश यांचे नाव मिळाले. पण तो शल्यचिकित्सकांच्या पुस्तकातच राहिला. पुढे १९८५ मध्ये पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ४४० रुग्णांची पाहणी मांडली. मधुमेह, धूम्रपान, रक्तदाब, वाढलेली चरबी ही हृदयविकाराची ओळखीची मंडळी इथेही हजर होती.

खरी कलाटणी मिळाली ती अपघाताने. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर कंपनीचे संशोधक हृदयशूळावर औषध शोधत होते. छातीच्या दुखण्यावर सिल्डेनाफिलचा फारसा उपयोग होईना. स्वयंसेवकांनी सांगितलेला ‘दुष्परिणाम’ मात्र निराळाच निघाला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साईडचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी. हा वायू धमनीचे आतले अस्तर तयार करते. अस्तर बिघडले की बिघाड शरीरभर असतो, मग अवयव कोणताही असो.

मग आधी कळते कुठे? मिलानच्या फ्रान्चेस्को माँतोर्सी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छातीत दुखून आलेल्या, हृदयधमन्यांचा विकार सिद्ध झालेल्या ३०० पुरुषांना हा संकोचाचा प्रश्न विचारला. जवळपास निम्म्यांना ताठरतेची तक्रार होती. त्यांतील ६७ टक्क्यांना ती हृदयाच्या लक्षणांआधी सुरू झाली होती, सरासरी ३९ महिने आधी. त्यांचे स्पष्टीकरण अगदी साधे आहे. शिश्नाची धमनी १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाची ३ ते ४. सारख्याच थराने बारीक नळी आधी तुंबते.

प्रत्येक तक्रारीमागे हृदयच असते असे नाही. मज्जातंतूंची इजा, काही औषधे, नैराश्य आणि मनही कारण असू शकते. पण २००५ मध्ये अमेरिकेतील हजारो पुरुषांच्या पाहणीत या तक्रारीने वाढणारा हृदयविकाराचा धोका धूम्रपानाच्या किंवा आनुवंशिकतेच्या तोडीचा दिसला.

आपल्याकडे या तक्रारीचा पत्ता अजून रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेला असतो. तिथे गेलेल्या माणसाचा रक्तदाब कोणी मोजत नाही, साखरही तपासत नाही. गोळी मिळते, ३९ महिने मात्र सरत राहतात.