आज्ञापत्रातील लाकूड आणि निर्णयाचा तक्ता

काळी नदीवरील धरणामुळे १९८०च्या दशकात जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. साग रानाचा आणि फणस दारचा, हा भेद मात्र येथील जुन्या मराठी घरांना समजावून सांगावा लागत नाही. सुमारे १७१५ साली रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हाच भेद राज्यकारभाराचा नियम म्हणून आला आहे.

आरमारास लाकूड हवे. ते कोठून आणावे? अमात्य पायरीपायरीने सांगतात. सागासारखा थोर वृक्ष आपल्या रानात असेल, तर हुजूरच्या परवानगीने तोडावा; अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, तरी त्यास हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे. धनी राजी नसेल तर? बळजबरीस साफ मनाई असल्याने तीही वाट बंद.

संगणकशास्त्रात यालाच निर्णय-तक्ता म्हणतात. एका बाजूस अटी: झाड कोणते, कोणत्या अवस्थेत, धनी राजी आहे काय; दुसऱ्या बाजूस कृती. कोणतीही परिस्थिती नियमावाचून राहू नये आणि दोन नियमांनी परस्परविरुद्ध उत्तरे देऊ नयेत, ही त्याची कसोटी. व्यावसायिक निर्णय असे मांडण्याची प्रमाणित चिन्हपद्धती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. नियमांवरून तर्क करणाऱ्या प्रणाली त्याहून जुन्या. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डची 'मायसिन' जंतुसंसर्गावर औषध सुचवी, आणि 'का?' असे विचारल्यास आपला नियमही दाखवी. भारतात ज्ञानाधारित प्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होते.

तथापि नियम दाखविणे निराळे, कारण सांगणे निराळे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही, असे अमात्य नियमाशेजारीच लिहितात. नव्या चिन्हपद्धतीतही नियमाचा आधार दाखविणारे 'ज्ञानस्रोता'चे चिन्ह आहे. तक्ते आखणारे ते फारसे मनावर घेत नसावेत, असे मला वाटते. बुडीत गावाची भरपाई मोजतानाही झाडाची किंमत रकान्यात बसते. ते कोणी वाढविले, हे बसत नाही.

आज्ञापत्र वाचलेल्या अंमलदारापुढे दारचा कोकम आला असता, तर यादीत नाव नाही एवढ्यावरून त्याने कुऱ्हाड उचलली नसती. तेवढीच यादी हाती असलेले यंत्र तेथे अडते, नाहीतर कोकमास रानाच्या सागात मोजते.