घरचा मामला

खर्डा किंवा सोनईचं नाव परदेशात कुणी घेतलं की ठरलेलं उत्तर येतं: आधी तुमच्याकडच्या काळ्यांचे हाल बघा, आमच्या घरात डोकावू नका. आणि आम्ही पॅलेस्टाईनवर बोललो की तीच माणसं म्हणतात, आधी खर्ड्याचं बोला! खर्ड्यासाठी निघालेल्या मोर्चात ती आम्हाला कधी दिसली नाहीत, ते सोडा.

जून १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत तक्रार केली. डर्बनसारख्या शहरांत भारतीयांनी कुठे राहावं, कुठे जमीन घ्यावी यावर वंशभेदी कायद्याने बंधनं आली होती. स्मट्स म्हणाले, हा आमचा अंतर्गत प्रश्न. विजयालक्ष्मी पंडितांनी ते मानलं नाही. ८ डिसेंबरला आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. तेव्हा आपल्याकडे अस्पृश्यता नव्हती? होती, गावोगाव होती. म्हणून ती तक्रार ढोंगी ठरते का? आमच्या मते नाही. नगरच्या महारवाड्यातल्या अन्यायाने डर्बनमधला अन्याय खोटा होत नाही.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. दलितांच्या स्थितीचा अहवालही त्यांनी तयार केला होता. पण संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला संधी द्यावी म्हणून तो सादर केला नाही. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात हे त्यांनीच सांगितलं, आणि स्थिती पूर्वीचीच आहे असंही.

ढोंग झालं ते २००१ मध्ये, त्याच डर्बनमध्ये. वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा विषय नको म्हणून भारत सरकार अडून बसलं. जात म्हणजे वंश नव्हे, आमचे कायदे समर्थ आहेत, आमचं आम्ही बघू. स्मट्सचाच युक्तिवाद, ५५ वर्षांनी!

समर्थ कायद्यांचं काय झालं? २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. सोनईत १ जानेवारी २०१३ ला तीन मेहतर तरुणांना मारलं. तिथे जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, पण ती नाशिकच्या सत्र न्यायालयात. खटला नगर जिल्ह्याबाहेर हलवावा लागला होता. तेव्हा 'हा नगरचा घरचा मामला' ही सबब चालली नाही.