निलगिरी तेल, घोड्यांची सोडत आणि चिनी वैद्य: एकोणिसाव्या शतकातलं बेंडिगो कसं जगत होतं?

सर्दी झाली की गरम पाण्यात निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकून वाफ घ्यायची, हा आपल्याकडच्या अनेक घरांतला उपाय. नावामुळे हे झाड निलगिरी पर्वतातलंच वाटतं. पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. निलगिरीच्या डोंगरांत त्याची लागवड १८४३ च्या सुमारास, प्रामुख्याने जळणासाठी सुरू झाली आणि आपल्याकडे झाडाला डोंगराचंच नाव चिकटलं.

या तेलाचा व्यापारी धंदा उभा राहिला तो ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत. तिथल्या सोन्याच्या गावांमध्ये औषध, जुगार आणि रोजचे धंदे एकमेकांना लागूनच होते. बेंडिगो हे त्यातलं एक महत्त्वाचं गाव.

बेंडिगो नेमकं कुठे आहे?

मेलबर्नच्या वायव्येला साधारण १५० किलोमीटरवर. १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि मेंढ्या चरायच्या माळावर तंबूंचं गाव उभं राहिलं. सरकारी कागदांवर गावाचं नाव बराच काळ सँडहर्स्ट होतं. १८९१ मध्ये लोकांच्या तोंडी असलेलं 'बेंडिगो' हेच अधिकृत झालं. शंभरेक वर्षांत या परिसरातून सुमारे २ कोटी २० लाख औंस सोनं निघालं.

सुरुवातीला नदीनाल्यांतली माती धुऊन सोनं मिळत होतं. ते संपत आलं तसं खडकात खोल जावं लागलं. त्यासाठी यंत्रं आणि भांडवल हवं होतं. त्यामुळे स्वतःच्या फावड्याचा मालक असलेला माणूस हळूहळू कंपनीचा मजूर झाला.

सोन्याशिवाय कोणते धंदे होते?

सोनं शोधणाऱ्यांपेक्षा त्यांना वस्तू पुरवणाऱ्यांची मिळकत अनेकदा जास्त भरवशाची होती. पुढे 'क्वार्ट्झचा राजा' म्हणून ओळखला गेलेला जॉर्ज लान्सेल हा गावात आला तेव्हा भावांसोबत मांसविक्री आणि साबण-मेणबत्त्यांचा धंदा करत होता. त्यातून आलेला पैसा त्याने खाणींत घातला. १८५८ मध्ये जॉर्ज गथ्री याने मातीची भांडी बनवण्याचा कारखाना काढला. बेंडिगो पॉटरी या नावाने तो आजही सुरू आहे. डेन्मार्कहून आलेल्या कोन बंधूंनी सरबतं आणि बिअरचा व्यवसाय उभारला.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेले लोक भाजीपाला पिकवत, विटा भाजत, दुकानं चालवत. १८५७ च्या जनगणनेत व्हिक्टोरियात सुमारे २५ हजार चिनी लोक नोंदले गेले. त्यांना रोखण्यासाठी १८५५ मध्ये कायदा झाला होता. जहाजाने व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसला. त्यावर उपाय म्हणून हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या गावांत पोहोचले.

आजारी पडल्यावर लोक कुणाकडे जात?

पर्याय तीन-चार होते. नोंदणीकृत डॉक्टर होता, पण त्याची फी सगळ्यांना परवडणारी नव्हती. म्हणून कामगार एकत्र येऊन मंडळ काढत, ठरावीक वर्गणी भरत आणि त्या पैशातून सभासदांसाठी डॉक्टर नेमत.

दुसरा पर्याय तयार गोळ्यांचा. लंडनच्या थॉमस हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम तेव्हा जगभर विकले जात. वर्तमानपत्रातल्या जाहिराती अपचनापासून त्वचारोगापर्यंत सगळ्यावर गुण येईल असं सांगत. रासायनिक तपासणीत या गोळ्यांमध्ये मुख्यतः कोरफडीचा सुकवलेला रस, सुंठ आणि साबण असल्याचं आढळलं. म्हणजे पोट साफ होई, बाकीचे दावे जाहिरातीतच राहत.

तिसरा पर्याय चिनी वैद्याचा. गावातल्या ब्रिज स्ट्रीटवर चिनी वस्ती आणि दुकानं होती. वैद्य दोन्ही मनगटांवर नाडी पाहत आणि जडीबुटींच्या पुड्या देत. घरी जाऊन त्यांचा काढा उकळायचा. यातल्या बऱ्याच वनस्पती समुद्रमार्गे चीनमधून येत. ज्यांचे देशबांधव सभा घेऊन चिनी लोकांना हाकलण्याची मागणी करत, असे युरोपीय रुग्णही या वैद्यांकडे येत. जेम्स लॅमसी हे बेंडिगोतल्या अशाच एका वैद्याचं नाव.

कायद्याची भिंत मात्र कायम होती. नोंदणी नसेल तर स्वतःला डॉक्टर म्हणवता येत नसे आणि मृत्यूचा दाखला देता येत नसे. त्यामुळे रुग्ण दगावला, की अनुभवी चिनी वैद्यही संशयाच्या फेऱ्यात यायचा.

निलगिरी तेलाचा धंदा कसा सुरू झाला?

जोसेफ बोसिस्टो हा इंग्लंडहून आलेला औषधविक्रेता. वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांच्या प्रोत्साहनाने त्याने १८५० च्या दशकात मेलबर्नच्या परिसरात निलगिरीच्या पानांचं ऊर्ध्वपातन सुरू केलं. पानांवर वाफ सोडायची, वाफेबरोबर आलेलं तेल थंड करायचं आणि पाण्यावर तरंगलेला थर वेगळा काढायचा. या झाडांची ओळख इथल्या मूळ आदिवासींना कितीतरी आधीपासून होती आणि ते त्यांच्या पानांचा उपचारासाठी वापर करत.

बेंडिगो आणि जवळच्या इंगलवूड परिसरात ब्लू मॅली नावाची झुडुपासारखी निलगिरी वाढते. तिच्या तेलात सिनिओल हा औषधी घटक भरपूर असतो. झुडूप जमिनीलगत कापलं तरी बुंध्याच्या गाठीतून पुन्हा फुटतं. त्यामुळे एकाच जागेवर दर दीड-दोन वर्षांनी कापणी करता येते. सोन्याचं काम मंदावलं की अनेकांना हा धंदा आधार देई.

'स्वीप' म्हणजे काय?

१८६१ मध्ये मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत सुरू झाली. घोड्यांची पारख नसलेल्यालाही तिच्यात नशीब आजमावता यावं, म्हणून स्वीप होती. सगळे सारखीच रक्कम भरून क्रमांकाची तिकिटं घेत. मग दोन पिंपं फिरवली जात. एकातून तिकिटाचा क्रमांक निघे, दुसऱ्यातून घोड्याचं नाव. तुमच्या वाट्याला आलेला घोडा पहिल्या तिनांत आला, तर जमलेल्या रकमेतला मोठा वाटा तुमचा.

दारूच्या गुत्त्यांतला हा खेळ जॉर्ज अ‍ॅडम्स याने देशव्यापी केला. सिडनीतल्या टॅटरसॉल्स हॉटेलमधून १८८१ मध्ये त्याने जाहीर सोडती सुरू केल्या. तिकिटं टपालाने विकली जात आणि १० टक्के रक्कम आयोजक ठेवून घेई. न्यू साउथ वेल्सने टपालावर बंदी आणली, तेव्हा तो क्वीन्सलँडला गेला. तिथेही विरोध झाला आणि अखेर १८९० च्या दशकात त्याने टास्मानियात बस्तान बसवलं. बेंडिगोच्या खाणकामगाराला तिकीट घ्यायला गाव सोडावं लागत नव्हतं. पाकिटात पैसे घालून पाठवले की काम झालं.

चिनी सोडत कशी चाले?

तिचं नाव पाकापू. तिकिटावर एका प्राचीन चिनी पाठातली पहिली ८० अक्षरं छापलेली असत. खेळणारा त्यातली १० अक्षरं निवडे. चालवणारा २० अक्षरं काढे. जितकी जुळतील, त्याप्रमाणे बक्षीस. मटक्याचा आकडा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा प्रकार लगेच कळेल. तिकीट अवघ्या सहा पेन्सचं असे, त्यामुळे युरोपीय लोकही खेळत. चिनी अक्षर वाचता येण्याची गरज नव्हती, खूण करता आली की पुरे.

गणित मात्र खेळणाऱ्याच्या विरोधात होतं. पाच किंवा अधिक अक्षरं जुळण्याची शक्यता १०० तिकिटांत साधारण सहा ते सात. दहाच्या दहा जुळण्याची शक्यता सुमारे ८९ लाखांत एक.

मग जुगार फक्त गरीबच करत होते का?

नाही. १८७१ च्या सुमारास बेंडिगोत खाणींच्या शेअरची लाट आली. दुकानदारांपासून नोकरदारांपर्यंत अनेकांनी न पाहिलेल्या खाणींत पैसे लावले. काही श्रीमंत झाले, पुष्कळ बुडाले. शेअरबाजाराला गुंतवणुकीची प्रतिष्ठा होती आणि पाकापूच्या अड्ड्यावर पोलिसांची धाड पडे. नशिबावर पैसे लावणं दोन्हीकडे होतं. कायदा कुणाकडे बोट दाखवतो, हे बरंचसं खेळणारा कोण यावर ठरत होतं.

या सगळ्याची गरज का पडली?

याचं उत्तर खाणीच्या आत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंडिगोतली एक खाण सुमारे १,४०० मीटर खोल गेली होती. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलमुळे खडकाची बारीक धूळ उडे आणि फुप्फुसांत जाऊन बसे. या आजाराला आज सिलिकोसिस म्हणतात. त्यात क्षयाची भर पडे. डॉ. वॉल्टर समन्स यांनी १९०६-०७ च्या सुमारास बेंडिगोच्या खाणकामगारांची तपासणी करून या आजाराची व्याप्ती समोर आणली.

निलगिरीच्या वाफेने छाती घटकाभर मोकळी वाटे. काढ्याने आराम पडे. पण फुप्फुसात बसलेली धूळ ना गोळीने निघत होती, ना तेलाने. खोकणाऱ्या माणसाला खाणीबाहेर पडायचं तर दुसरं उत्पन्न हवं होतं, आणि तेवढी मोठी रक्कम मजुरीतून साठत नव्हती. म्हणून सोडतीचं तिकीट.

आणखी एक मार्ग होता, एकत्र येण्याचा. १८७० च्या दशकात इथल्या खाणकामगारांनी संघटना बांधली. आठ तासांचा दिवस आणि अपघातात मदत या तिच्या मागण्या होत्या. १८७१ पासून ईस्टरच्या जत्रेत रुग्णालय आणि अनाथाश्रमासाठी पैसे गोळा होऊ लागले. ज्यांच्यावर एकेकाळी दहा पौंडांचा कर बसवला होता, ते चिनी रहिवासी पुढे या जत्रेच्या मिरवणुकीचं मुख्य आकर्षण ठरले. त्यांच्या ड्रॅगनला पाहायला येणारी गर्दी गावाच्या दवाखान्यासाठी पैसा उभा करत होती. ही मिरवणूक आजही निघते.

धुळीवर खरा उपाय सापडला तो ड्रिलवर पाणी मारण्यात आणि हवा खेळती ठेवण्यात. तो अंगवळणी पडेपर्यंत हजारो घरांत निलगिरीची बाटली आणि सोडतीचं तिकीट एकाच फळीवर ठेवलेलं असणार.